बोलीतून माणूस उभा करणारा नट

सईद जाफरी यांनी अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तीन देशांत मिळून अर्ध्या शतकाहून अधिक काळ अभिनय केला. नायकाची भूमिका त्यांच्या वाट्याला फार क्वचित आली. ते ओळखले गेले ते चरित्र अभिनेता म्हणूनच. तरीही त्यांची पात्रे लक्षात राहिली ती मुख्यतः बोलण्यामुळे. समोरचा माणूस कुठल्या शहरातला, किती शिकलेला, कुणापुढे नमणारा आणि कुणावर खेकसणारा, हे त्यांच्या पहिल्या दोन वाक्यांतच कळून येई.

त्यांचा जन्म ८ जानेवारी १९२९ रोजी पंजाबातल्या मालेरकोटला येथे झाला. वडील सरकारी डॉक्टर होते. त्यांच्या बदल्यांमुळे सईद यांचे बालपण तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या निरनिराळ्या गावांत गेले. अलीगढच्या शाळेत उर्दू पक्की झाली, पुढे मसुरीच्या शाळांत इंग्रजी. नकला करण्याची हौस तेव्हापासूनची. अलाहाबाद विद्यापीठातून इतिहासाची एम.ए. पदवी घेऊन ते दिल्लीला आले आणि १९५१ साली आकाशवाणीच्या परदेश सेवेत इंग्रजी निवेदक झाले. याच वर्षी त्यांनी मित्रांसोबत युनिटी थिएटर ही इंग्रजी नाटके करणारी संस्था काढली. पुढे पाककलेच्या पुस्तकांमुळे जगभर नाव झालेल्या मधुर बहादूर या संस्थेत त्यांच्यासोबत काम करत. दिवसा माइकसमोर बोलायचे आणि संध्याकाळी रंगमंचावर, हा क्रम काही वर्षे चालला. रेडिओचा हा संस्कार त्यांच्या अभिनयातून शेवटपर्यंत गेला नाही. शब्दाचे वजन कुठे द्यायचे आणि श्वास कुठे सोडायचा, याची जाण त्यांच्या पडद्यावरच्या कामातही जागोजाग दिसते.

फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ते वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात नाट्यशिक्षणासाठी गेले. १९५८ साली मधुर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघांनी न्यूयॉर्कमध्ये बस्तान बसवले. त्या काळी अमेरिकेत भारतीय नटाला काम मिळणे अवघड होते, कारण भारतीय पात्रेच मुळात मोजकी लिहिली जात आणि तीही बहुतेकदा गोऱ्या नटांना चेहरा रंगवून दिली जात. इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी या चित्रपटकारांच्या जोडगोळीशी जाफरींचा संबंध जुळला तो याच दिवसांत. मर्चंट मुंबईचे. त्यांच्या ‘द क्रिएशन ऑफ वुमन’ या पहिल्या लघुपटाला आवाज जाफरींचा आहे.

१९६२ साली ब्रॉडवेवर ‘अ पॅसेज टू इंडिया’ हे नाटक आले. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीचे हे नाट्यरूपांतर सांता रामा राव यांनी केले होते. त्यात जाफरींनी प्रोफेसर गोडबोले रंगवले. फॉर्स्टरचे गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण, म्हणजे आडनावासकट आपल्याकडचेच. मालेरकोटल्याच्या या मुस्लिम नटाने न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांपुढे ते उभे केले. पुढे १९८४ साली डेव्हिड लीन यांनी याच कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा जाफरी त्यात होते, पण वकील हमीदुल्लांच्या छोट्या भूमिकेत. गोडबोले झाले अॅलेक गिनेस. गिनेस थोर नट होते, यात वाद नाही. पण बावीस वर्षांपूर्वी जी भूमिका भारतीय नटाने ब्रॉडवेवर केली होती, तिच्यासाठी तोच नट संचात हजर असताना इंग्रज नट निवडला गेला, हे अन्यायाचेच होते. चित्रपटातले ते गोडबोले आज पाहताना खटकतात.

साठच्या दशकाच्या मध्यावर संसार मोडला आणि जाफरी लंडनला आले. तिथे त्यांना पहिला आधार दिला तो बीबीसीच्या जागतिक सेवेने. नाट्यवाचन, निवेदन, एकट्याने अनेक पात्रांचे आवाज काढणे, अशी कितीतरी कामे त्यांनी तिथे केली. मोठा चित्रपट यायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या चित्रपटात शॉन कॉनरी आणि मायकल केन हे दोन बडे नट होते. जाफरी त्यांचा दुभाषा झाले होते : बिली फिश नावाचा गुरखा शिपाई. ब्रिटिश पलटणीत शिकलेले इंग्रजी तो छाती पुढे काढून बोलतो आणि या भाषेवरच त्याची सगळी ऐट उभी आहे. शेवटी पळून जाण्याची संधी असतानाही तो खुकरी उपसून एकटा जमावावर धावून जातो. कॉनरी आणि केन यांच्यामध्ये उभे राहून प्रेक्षकांचे लक्ष वेधणे सोपे नव्हते. जाफरींनी ते साधले.

यानंतर दोनच वर्षांनी सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ आला. जाफरींचे सर्वांत मोलाचे काम हेच. प्रेमचंदांच्या कथेवरच्या या चित्रपटात १८५६ सालचे लखनौ आहे. कंपनी सरकार अवध गिळायला निघाले आहे आणि दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले आहेत. संजीवकुमार मिर्झा सज्जाद अली, तर जाफरी मीर रोशन अली. बायकोचे दुसऱ्याशी प्रेमप्रकरण चालले आहे, तिचा प्रियकर घरातच सापडतो, तरी मीरसाहेब समोर येईल ती सबब खरी मानतात. इथे जाफरींनी मीरला मूर्ख होऊ दिले नाही. त्यांचा मीर समजून उमजून डोळे झाकणारा वाटतो, कारण डोळे उघडले तर डाव मोडेल. लखनवी उर्दूचा गोडवा त्या आत्मवंचनेचे पांघरूण होतो. शेवटच्या प्रसंगात अपमानाने चिडलेल्या मीरच्या हातून पिस्तूल उडते, गोळी मिर्झाला चाटून जाते आणि क्षणात हा माणूस ओशाळून एकाकी होतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या चित्रसृष्टीने मग त्यांना वारंवार बोलावले. १९८१ साली सई परांजपे यांनी ‘चश्मेबद्दूर’मध्ये त्यांना पानाच्या ठेल्यावर बसवले. लल्लन मियाँ दिल्लीच्या तीन कफल्लक पोरांना सिगारेटी उधार देतात, उधारीसाठी ओरडतात आणि पुन्हा उधार देतात. परांजपे यांना साध्या माणसांच्या बोलण्यातली लय बरोबर ऐकू येते, आणि जाफरींच्या तोंडी ती चपखल बसली. नवाबाची नजाकत सोडून ठेल्यामागचा फटकळ जिव्हाळा त्यांनी सहज उचलला. ‘मासूम’, ‘राम तेरी गंगा मैली’, ‘दिल’, ‘हिना’ असे चित्रपट नंतर येत गेले. त्यांतल्या कित्येक भूमिका श्रीमंत मामा, काका किंवा नायिकेचे वडील अशा ठरीव साच्याच्या होत्या. नटाने जीव ओतला तरी लेखनातच दम नसेल तर काय होते, हे त्या काळातल्या त्यांच्या कामावरून कळते.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात ते सरदार पटेल झाले. त्याच चित्रपटात डॉ. श्रीराम लागू गोखले होते आणि रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा. जाफरींचे पटेल मिस्कील आहेत. पोलादी पुरुषाच्या प्रतिमेपेक्षा बैठकीतला धूर्त, हजरजबाबी वकील त्यांनी पुढे आणला. १९८४ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ या मालिकेत त्यांनी मीरतचा नवाब केला.

१९८५ सालचा ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ हे त्यांच्या ब्रिटनमधल्या कारकिर्दीचे शिखर. हनीफ कुरेशी यांनी लिहिलेला आणि स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट चॅनल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी कमी खर्चात झाला होता. जाफरींचा नासर हा लंडनमध्ये पैसा केलेला पाकिस्तानी धंदेवाला. घरी बायकामुली, बाहेर इंग्रज मैत्रीण. पुतण्याला तो धुलाईकेंद्र चालवायला देतो. बिऱ्हाडकरूंना बाहेर काढताना त्याला दयामाया नाही, पण मैत्रीण सोडून जाते तेव्हा तो खरोखर कोसळतो. थॅचरकाळातल्या ब्रिटनमध्ये स्थलांतरित म्हटला की एक तर बिचारा किंवा हास्यास्पद दाखवण्याची पडद्यावर रूढी होती. नासर लोभी, उदार, रंगेल आणि दुबळा असा पुरता माणूस आहे. या कामासाठी बाफ्टा पारितोषिकाच्या नामांकनात जाफरींचे नाव होते. त्याच सुमारास चॅनल फोरच्या ‘तंदुरी नाइट्स’ या विनोदी मालिकेत त्यांनी उपाहारगृहाचा मालक रंगवला, आणि १९९९ साली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या लोकप्रिय मालिकेत रवी देसाई.

१९९५ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला. १९९८ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली ती दोन महिन्यांनी, जानेवारी २०१६मध्ये. ‘शतरंज के खिलाडी’नंतर अडतीस वर्षे हा नट हयात होता, हा सन्मान त्याच्या हाती पडायला हवा होता.