सहकर्जदाराचे काय?

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी यंदा आमच्याकडे एक लेख मागण्यात आला. विषय मागणाऱ्यांनीच ठरवून दिला होता : वीस वर्षांचे गृहकर्ज आम्ही उभयतांनी नऊ वर्षांत कसे फेडले. विद्यार्थ्यांना बचतीचे महत्त्व कळावे, असा सहकाऱ्यांचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. आम्ही लेख लिहायला घेतला आणि दुसऱ्या पानावर अडलो. अशा प्रत्येक लेखात जे वाक्य येतेच येते, ते तेथे यायचे होते : 'या साऱ्या प्रवासात जोडीदाराची मोलाची साथ लाभली.' हे वाक्य आम्हांला लिहिता आले नाही, कारण ते खरे नव्हते. वार्षिकांकाला आम्ही नकार कळवला. त्या नकाराची कारणे येथे मांडत आहोत, कारण ती आमच्या घरापुरती नाहीत. आपण वर्गात जे शिकवतो त्याच्याशी त्यांचा संबंध आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. काटकसरीविषयी मराठीत जे लिहिले जाते, सांगितले जाते आणि शिकवले जाते, त्यात घरातल्या नाखूश माणसाला जागा नाही. ते माणूस गप्प राहिले तर त्यागमूर्ती ठरते आणि बोलले तर कजाग. विचार करून, कारणे देऊन 'मला हे मान्य नाही' असे म्हणणारा जोडीदार, ही तिसरी शक्यता आपल्या वाङ्मयीन कल्पनेला जणू माहीतच नाही.

आमच्याविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. आम्ही दोघेही मराठीत एम. ए. झालो आणि दोघेही कोल्हापुरात शिकवतो. एकाची नोकरी कायम, दुसऱ्याची अनेक वर्षे तासिका तत्त्वावर. २०१६ साली शहराच्या कडेला आम्ही एक रो-बंगला घेतला. बँकेच्या मंजुरीपत्रावर एक नाव 'कर्जदार' म्हणून होते, दुसरे 'सहकर्जदार' म्हणून. आमच्यापैकी कोण कोणत्या जागी होते, हे आम्ही सांगणार नाही. ते कळताच ऐकणारे निकाल देऊन मोकळे होतात, असा आमचा अनुभव आहे : पुरुष नाखूश असेल तर तो उधळ्या, स्त्री नाखूश असेल तर ती हौशी. मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचा ध्यास कर्जदाराचा होता. सहकर्जदाराचा त्याला विरोध होता आणि तो शेवटपर्यंत राहिला.

कर्जदाराची बाजू कच्ची नव्हती. हिशेबासाठी तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरू. मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्दल पाच हजारांनीही कमी होत नाही. वीस वर्षांत तीस लाखांवर बत्तीस लाखांहून अधिक व्याज भरावे लागते. याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा पाच हजार रुपये जास्त भरले तर ते चौदा वर्षांच्या आत फिटते आणि अकरा लाखांहून अधिक व्याज वाचते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली; त्यामुळे ती वाटही खुली होती. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेकांप्रमाणे आमचाही हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. भरलेले पैसे डोळ्यांदेखत वाहून गेल्यासारखे ते वाटले. ज्याच्या लहानपणी घरावर सोसायटीच्या कर्जाची जप्ती येऊ घातली होती, अशा माणसाने या आकड्यांकडे पाहून झोप घालवली तर त्यात नवल नाही. सातबाऱ्यावर आणि मिळकतपत्रिकेवर अशा कर्जाला 'बोजा' म्हणतात. हा शब्द कारकुनाने नव्हे, तो वाहिलेल्या माणसानेच प्रथम वापरला असावा, असे आम्हांला वाटते.

पण सहकर्जदाराची बाजूही कच्ची नव्हती, आणि ती मात्र कोणी विचारली नाही. कर्जात घातलेला पैसा परत हाती येत नाही, हा पहिला मुद्दा. जुलै २०१९ मध्ये हाताशी होते ते सारे आम्ही मुद्दलात भरले. ऑगस्टमध्ये पंचगंगेला आणि कृष्णेला महापूर आला. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या अगदी जवळच्या माणसांचे घर पाण्यात गेले, आणि त्यांच्यासाठी आम्हांला गुजरीत जाऊन दागिना मोडावा लागला. घराची भिंत उसवून कोणाला पैसे देता येत नाहीत, हे तेव्हा उमगले. दुसरा मुद्दा हिशेबाच्या वहीचा. हप्ता एकाच्या पगारातून जात होता. किराणा, दूध, गॅस, शाळेची फी दुसऱ्याच्या तासांच्या मानधनातून. बँकेच्या उताऱ्यावर पहिल्याचेच कर्तृत्व छापून येत होते. भाजीवाल्याकडून उतारा मिळत नाही.

तिसरा मुद्दा सांगणे आम्हांला जड जाते. सहकर्जदाराला आजरा तालुक्यातल्या काही गावांतून जात्यावरच्या ओव्या जमा करायच्या होत्या. त्यासाठी जाणे-येणे, मुक्काम, ध्वनिमुद्रणाचे एखादे बरे यंत्र, पुढे टंकलेखन, असा माफक खर्च होता. 'कर्ज फिटल्यावर' असे उत्तर मिळाले. ते रागाने दिलेले नव्हते. वहीत जागा नव्हती म्हणून दिलेले होते. ओव्यांचा मोठा साठा ज्यांच्या तोंडी होता त्या एक आजीबाई दोन वर्षांनी वारल्या. पहिल्या भेटीत वहीच्या चार पानांवर उतरवून घेतलेल्या ओव्या तेवढ्या उरल्या. वाचलेल्या व्याजाचा आकडा आम्ही रुपयांपर्यंत सांगू शकतो. या नुकसानीचा आकडा कोणत्या रकान्यात मांडायचा, हे आम्हांला आजही ठरवता आलेले नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. संसाराच्या मालमत्तेविषयी एकाने निर्णय घेतला आणि दुसऱ्याला तो रुचला नाही, याची मराठी मनावर सर्वांत खोल ठसलेली कथा तुकोबांची आहे. महिपतींसारख्या चरित्रकारांनी जपलेली आणि कीर्तनांतून घरोघरी पोहोचलेली ती आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे : घरच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याचे तुकोबांनी ठरवले, तेव्हा धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपल्या प्रपंचाची अडचण सांगितली. मग खतांचे दोन वाटे झाले. अर्धी कान्होबांना मिळाली आणि उरलेली अर्धी नदीत गेली. इथे नाखूश असलेल्या भावाचे म्हणणे ऐकले गेले, त्याला न्याय्य मानले गेले आणि त्याचा हिस्सा त्याच्या हाती दिला गेला. कान्होबांना कोणत्याही कीर्तनकाराने स्वार्थी म्हटलेले आमच्या ऐकण्यात नाही. आणि जिजाई? जी अर्धी खते बुडाली ती तिच्याही चुलीची होती. तिला कोणी विचारले, असा प्रसंग या कथेत येत नाही. तिच्या वाट्याला 'आवली' हे नाव, भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी पोहोचवणे आणि कजागपणाची कीर्ती आली. मुलांच्या पोटाची चिंता करणारी बाई आपण शतकानुशतके विनोदासाठी वापरली.

आमचा आक्षेप तुकोबांवर नाही, हे स्पष्ट करायला हवे. गरिबांना ऋणातून मोकळे करणारे ते कृत्य थोरच आहे. आक्षेप सांगणाऱ्यांवर आहे, म्हणजे आपल्यावर. ज्या कथेत भावाच्या नकाराला अर्धा वाटा मिळतो आणि पत्नीच्या नकाराला टोपणनाव, ती कथा सांगताना आपण एकदाही अडखळत नाही.

दुसरे उदाहरण आमच्याच जिल्ह्याचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, १८८७ सालचा. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले आणि एका अडचणीच्या वेळी मंगळसूत्रही मोडले गेले, ही हकीकत पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्यांच्या थोरवीबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण आपण ती हकीकत कशी सांगतो? 'मागचापुढचा विचार न करता त्यांनी मंगळसूत्र काढून दिले.' विचार न करता! जी बाई रोज डझनावारी मुलांना जेवू घालत होती, धान्याच्या कणग्या किती उरल्या हे जिला भाऊरावांहून नेमके ठाऊक होते, तिने विचार केला नसेल? तिने हिशेब केला असेल, कदाचित आधी नाही म्हटले असेल, मग ठरवले असेल. विचार करून दिलेले मंगळसूत्र अधिक मोलाचे ठरत नाही काय? तिच्या होकारातून विचार काढून टाकला की उरते ती केवळ आज्ञाधारकता. आणि तिलाच आपण त्याग म्हणून गुण देतो.

मराठीत याहून वेगळे लिहिले गेले आहे, आणि ते त्या नाखूश माणसांनीच लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर आलेल्याला देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती आणि घर चालवण्याची लक्ष्मीबाईंची ओढाताण यांतला झगडा त्या पुस्तकात मनमोकळेपणाने आला आहे. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. अण्णासाहेब कर्व्यांनी आपले सारे आश्रमाच्या पायी वाहिले. त्या घरात मागे राहून संसार रेटणाऱ्या बाईला काय वाटत होते, ते बायांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. दोघींनीही नवऱ्याचे मोठेपण मान्य केले आणि तरीही आपली तक्रार मागे घेतली नाही. प्रेम आणि मतभेद एकाच पानावर राहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपण मात्र 'स्मृतिचित्रे' शिकवताना त्यातल्या पैशाच्या भांडणांना 'निर्मळ विनोद' हे शीर्षक देतो आणि पुढे जातो. विनोद आहेच, पण रिकामा डबा पाहून केलेला विनोद हा युक्तिवादही असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या स्टाफरूममध्ये आलाही : 'प्रत्येकाची संमती घेत बसले असते तर ना रयत उभी राहिली असती, ना हिंगण्याचा आश्रम.' या आक्षेपात तथ्य असेलही. त्यावर आमची दोन उत्तरे आहेत. एक, संस्था उभी राहिली म्हणून संमती होती असे सिद्ध होत नाही; किंमत मोठी होती आणि ती दुसऱ्याने मोजली, एवढेच सिद्ध होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. आमचा रो-बंगला म्हणजे रयत नव्हे. तीन खोल्या, एक जिना आणि दारात पार्किंग, एवढ्यासाठी कोणा जोडीदाराकडून कर्मवीरांच्या घरातल्या त्यागाची अपेक्षा करणे, ही थोरांच्या पुण्याईवर काढलेली उचल आहे. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि निरोपसमारंभांच्या भाषणांतून हेच चालते : भाषा कर्मवीरांची आणि फेड फ्लॅटची.

काटकसर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही दोघेही ती पुन्हा करू. पण दोघांनी मिळून लिहिलेल्या वहीवर. कर्ज घेताना बँकेने सहकर्जदाराच्या सह्या पानोपानी घेतल्या. हप्ता थकला असता तर वसुलीची नोटीस दोघांनाही आली असती. मुदतपूर्व भरणा करताना मात्र एकाच्याच मोबाइलवरचा सांकेतिक अंक पुरला. बँकेला दुसऱ्या सहीची गरज नव्हती हे समजू शकते, घराला होती. 'यंदा किती भरायचे' याबरोबरच 'यंदा काय थांबवायचे नाही' हा प्रश्न वर्षातून एकदा जरी समोरासमोर बसून विचारला असता, तर कर्ज कदाचित अकरा वर्षांनी फिटले असते आणि ओव्यांची वही भरली असती. हे वाक्य कर्जदाराच्या आग्रहाने लेखात घातले आहे.

शिक्षक म्हणून आपल्या हाती याहून थोडे अधिक आहे. 'लक्ष्मीबाईंचा त्याग स्पष्ट करा' हा प्रश्न आपण काढत आलो आहोत. त्याऐवजी 'लक्ष्मीबाईंना नाही म्हणता आले असते काय?' असे विचारून पाहावे. जिजाईवरचा विनोद सांगण्यापूर्वी कान्होबांच्या वाट्याची आठवण करून द्यावी. वर्गातल्या निम्म्या मुलामुलींच्या घरी आज कोणते ना कोणते कर्ज आहे, आणि त्या प्रत्येक कर्जाला एक सहकर्जदार आहे. काही ठिकाणी तो कागदावर, बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरात. या मुलांना उत्तर लिहायला पान पुरणार नाही.

राहता राहिला वार्षिकांकातला लेख. 'मोलाची साथ लाभली' या वाक्याच्या जागी आमचे वाक्य असे आहे : 'सहकर्जदाराचा या फेडीला विरोध होता, त्याची कारणे पुढीलप्रमाणे होती.' ती कारणे न गाळता छापण्याची संपादक मंडळाची तयारी असेल, तर लेख आम्ही आजही द्यायला तयार आहोत.