मुभा आहे, जिज्ञासा हवी

१९७६ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या अध्यापकांनी युनिक्स प्रणालीच्या गाभ्याचा सोर्स कोड टीपांसह विद्यार्थ्यांच्या हाती दिला. १९७९ मध्ये निघालेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात मात्र ए. टी. अँड टी. कंपनीने हा कोड वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांची टिपणे मग वर्षानुवर्षे छायाप्रतींच्या रूपाने हस्ते परहस्ते फिरत राहिली. या मनाईमुळेच अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली अध्यापनासाठी मिनिक्स रचली. आणि मिनिक्सवर शिकलेल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा पाया घातला.

आज लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नेल, संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. १९९२ पासून त्याला लागू असलेल्या जीपीएल परवान्याने तो वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार सर्वांस दिला आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही याच कर्नेलवर चालतो. तरीही संगणकाचे आपले बहुसंख्य पदवीधर तो एकदाही न उघडता, गाईडमधील उत्तरे पाठ करून बाहेर पडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

हे काम किचकट आहे, यंत्र बिघडेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. कोड उतरवावा आणि त्यावरील स्वाक्षरी पडताळावी. २०११ साली या संकेतस्थळाच्या यंत्रणेतच घुसखोरी झाली होती, म्हणून ही पायरी गाळू नये. नंतर चालू कर्नेलची मांडणी आधाराला घेऊन हवे ते भाग निवडावेत, कोड कंपाइल करावा, प्रथम मोड्यूल व मग कर्नेल बसवावा. जुना कर्नेल तेवढा काढून टाकू नये. नवा चालला नाही, तर संगणक सुरू होताना यादीतून जुना निवडता येतो. जुन्या यंत्रावर यास काही तास लागतील, इतकेच.

प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः एक कर्नेल बांधून बसवावा आणि त्यातील एका भागाचे कार्य तोंडी समजावून सांगावे, अशी अट प्रात्यक्षिक परीक्षेत घालण्यास विद्यापीठांना कोणती अडचण आहे? ज्यांना मनाई होती त्यांनी छायाप्रती मिळवून वाचले. ज्यांना पूर्ण मुभा आहे त्यांनी गाईडवर समाधान मानावे, याला साधनांचा अभाव म्हणता येणार नाही. तो जिज्ञासेचा अभाव आहे, आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांइतकाच त्यांना शिकविणाऱ्यांकडेही जातो.