रफार कुठे गेला?

दिवाळी अंकाच्या संपादकाकडे एखादा जुना लेखक पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल पाठवतो. फाइल उघडते, पण पानावर मराठी नसते. इंग्रजी अक्षरे, टोप्या, पौंडाची चिन्हे आणि उलटेसुलटे अवतरण यांचा नुसता खच. ‘व्हायरस तर नाही ना?’ अशी विचारणा फोनवर होते. व्हायरस नसतो. फाइल शाबूत असते, मजकूरही जागेवर असतो. नसतो तो त्या वेळचा फॉन्ट.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण मराठी डीटीपीत ते रुजायला बराच काळ लागला. तोवर श्रीलिपी, आयएसएम अशा पॅकेजांवर पुस्तके निघाली, मासिके निघाली. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा ग, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असे. मराठी फक्त डोळ्यांना दिसे, आणि कोणता तुकडा कुठल्या जागी हेही प्रत्येक फॉन्टचे वेगळे.

त्यामुळे असा मजकूर युनिकोडमध्ये नेणे म्हणजे एका अक्षराजागी दुसरे ठेवणे नव्हे. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे ‘क’च्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर येते. ‘सर्व’मध्ये उलटा प्रकार. रफार जुन्या फाइलीत ‘व’च्या नंतर असतो, युनिकोडला अर्धा ‘र’ ‘व’च्या आधी लागतो. कन्व्हर्टरला ही उलथापालथ नीट जमली नाही, तर रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि मुद्रितशोधकाला ओळीओळीने तो शोधत फिरावे लागते.

घोळ वाढवते ती फाइलची घडण. ‘वर्ड ९७’पासून २००३पर्यंतची डॉक फाइल म्हणजे एक कागद नव्हे, गाठोडे. तिच्या पोटात ५१२ बाइटचे कप्पे असतात आणि कोणता तुकडा कुठल्या कप्प्यात आहे याचा तक्ताही असतो. एका फाइलीत जणू एक छोटी डिस्कच. तिची सुरुवात ज्या खुणेने होते ती ‘डी० सीएफ ११ ई०’ अशी. हे आकडे आणि अक्षरे इंग्रजीत सलग लिहिली की ‘डॉकफाइल’ असे वाचता येते. आत एक्सेलचा तक्ता चिकटवला असेल तर त्याचे चित्र आणि मूळ आकडे दोन्ही साठवलेले असतात. समोरच्या संगणकाला एक्सेलची भाषा येत नसेल तर दिसते ते केवळ चित्र. आकडा बदलायला गेलात की हाती काही लागत नाही.

कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट, ही नोंदही मजकुरापासून वेगळी ठेवलेली असते. म्हणूनच घाईघाईने ‘प्लेन टेक्स्ट’ करणे फार महागात पडते. फॉन्टचे नाव गळून जाते आणि खरे इंग्रजी कोणते, मराठीसाठी वापरलेले कोणते, हे कन्व्हर्टरला उमगत नाही. मग लेखकाच्या ईमेल पत्त्याचेही अगम्य मराठी होते.

डॉक फाइलीच्या या जुन्या बायनरी फॉरमॅटचे तपशील मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये सर्वांसाठी खुले केले. तोवर इतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बरेचसे चाचपडतच शोधावे लागले होते. दरम्यान २००६मध्ये ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टच्या नव्या फॉरमॅटला, म्हणजे डॉकएक्सच्या कुळाला, तो मान २००८मध्ये मिळाला. सुमारे सहा हजार पानांच्या त्या प्रस्तावाविरुद्ध भारताने मत दिले होते आणि पुढे ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला यांच्यासोबत अपीलही केले. ते फेटाळले गेले. तरी डॉकएक्सने एक गोष्ट सोपी केली, हे मान्य करायला हवे. अशा फाइलची प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटी ‘झिप’ लावा आणि उघडा: मजकूर एका एक्सएमएल फाइलीत, चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये. साध्या नोटपॅडमध्येही मराठी वाचता येते. अट एकच, ती युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी.

ई-गव्हर्नन्समध्ये खुली मानके वापरण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१०मध्येच जाहीर केले. तरी आजही कितीतरी ठिकाणी मराठी दस्तऐवज मिळतो तो फक्त पीडीएफ म्हणून. पीडीएफ पानाचे रूप राखते आणि छपाईसाठी ते चांगलेच. पण जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून उतारा कॉपी करा, पुन्हा तोच खच. शोधायला गेलात तर शब्द सापडत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तर अडखळतोच. नियम असो, निकाल असो वा पाठ्यपुस्तक, जनतेच्या पैशातून तयार झालेला प्रत्येक मराठी मजकूर पीडीएफसोबत युनिकोडमधल्या, खुल्या फॉरमॅटच्या फाइलीतही मिळायलाच हवा.

आणि प्रकाशकांकडच्या जुन्या सीडींचे काय? त्यांतल्या फाइली बहुधा पेजमेकर या पानरचनेच्या प्रोग्राममधल्या, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. लिब्रेऑफिस हा मुक्त प्रोग्राम त्या फाइली उघडायचा प्रयत्न करतो, पण आतला मजकूर जुन्याच फॉन्टमधला निघतो. तेव्हा मूळ फाइल फेकू नये, तिच्यासोबत त्या फॉन्टची फाइलही जपावी आणि रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी. कोणत्या की-वर ‘क्ष’ होता आणि कोणत्यावर ‘ज्ञ’, हे तोंडपाठ असलेले डीटीपी ऑपरेटर आज निवृत्तीला आले आहेत. प्रकाशकांनी त्यांना या कामावर याच वर्षी, रीतसर मोबदला देऊन बसवावे.