घरी आल्यानंतरचं दुखणं

घरातलं माणूस इस्पितळातून परत आलं, की आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो, देवापुढं साखर ठेवतो आणि ‘सुटलो बाई’ म्हणतो. पण डॉक्टर ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात त्या दुखण्यात खरी कसोटी इथूनच सुरू होते. नावानं घाबरू नका. हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा जोर कमी झालेला असतो. त्यामुळं अंगात पाणी साठतं, पावलं सुजतात, दम लागतो. इस्पितळात ते पाणी औषधानं उतरवतात. घरी गोळी चुकली, मीठ वाढलं, की ते पुन्हा साठतं आणि पुन्हा तीच खाट!

हे पुष्कळदा टाळता येतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं सत्तरी गाठलेल्या २८२ रोग्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याखेरीज परिचारिकेनं आजार समजावून सांगितला, आहार ठरवून दिला, औषधं तपासली गेली आणि घरी गेल्यावरही भेटी व फोन चालू राहिले. नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरमुळं पुन्हा भरती होण्याचे प्रसंग पहिल्या गटात ५४, तर दुसऱ्यात २४ आले.

आपल्याकडं घरी येणारी सिस्टर प्रत्येकीच्या वाट्याला कुठली? तेव्हा तिची कामं आपणच वाटून घेऊ या.

निघण्यापूर्वी : कोणती गोळी नवी, कोणती बंद, हे सिस्टरना विचारून लिहून घ्या. बंद झालेल्या गोळ्या डब्यातून काढून टाका. एक-दोन आठवड्यांतली तपासणीची तारीख आणि अडचणीला करायचा फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नका.

रोज सकाळी : लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी वजन करा आणि वहीत मांडा. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलं, सूज चढली किंवा रात्री जास्त उशा लागू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्वयंपाकघरात : पापड, लोणचं, फरसाण, खारी मासळी दूर ठेवा. सैंधव हेही मीठच! ‘कमी सोडियम’चं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, काही औषधांबरोबर ते घातक ठरतं. पाणी किती प्यायचं, तेही त्यांनाच विचारा.

परस्पर नको : अंगदुखीच्या काही गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. शेजारणीच्या डब्यातली गोळी तिच्याच डब्यात बरी.

स्वस्थ बसूनही दम लागला, छातीत दुखू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि एक. हे सगळं एकट्या बायकोच्या किंवा सुनेच्या डोक्यावर नको. वजनाची वही रोग्यानं स्वतः लिहावी, औषधं मुलानं आणावीत. दुखणं घराचं असतं, तशी शुश्रूषाही घराचीच असू द्या.