वकिलातीच्या दारी तिष्ठणारे मावळ

परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात सांगायचे तर व्हिसासाठी, अर्ज करावा आणि महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहत बसावे, ही एके काळी पुण्या-मुंबईच्या मोजक्या घरांची चिंता होती. ती आता वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळा अशी मावळात सर्वत्र पसरली आहे. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून प्रशिक्षणासाठी जर्मनीस पाठवले जाणारे अभियंते, येथल्याच महाविद्यालयांतून पदवी घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश मिळवणारे विद्यार्थी, आणि मुले तिकडे स्थिरावल्यानंतर निवृत्तीचा काळ शांत हवेत घालवावा म्हणून तळेगाव-लोणावळ्यास येऊन राहिलेली वृद्ध दांपत्ये, या सर्वांच्या घरी आज एकच प्रश्न विचारला जातो: 'तारीख मिळाली का?' आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर एकच असते, ते म्हणजे 'अजून काही कळले नाही'.

एक गोष्ट आरंभीच मान्य केली पाहिजे. आपल्या सीमेत कोणास येऊ द्यावे आणि कोणास नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे, आणि केवळ व्हिसा नाकारला गेला एवढ्यावरून अन्यायाची ओरड करणाऱ्यास मी साथ देणार नाही. परंतु ज्याच्याकडून शुल्क भरून घेतले, ज्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, ज्याच्या वडिलांच्या जमिनीचे उतारे आणि बँकेतील शिल्लक तपासली, प्रसंगी ज्याचा पासपोर्टही आपल्या दप्तरी ठेवून घेतला, त्याला आपला निर्णय काय झाला, आणि तो झाला नसेल तर निदान केव्हा होईल, हे सांगण्याचे कर्तव्य कोणत्याही सार्वभौमत्वाने संपुष्टात येत नाही. विलंब माणूस सोसतो. पावसाची वाट पाहणाऱ्या मावळच्या भातशेतकऱ्याला तो सोसण्याची सवयच आहे. ज्या विलंबाला मुदत नाही, कारण नाही आणि विचारणा करावी असा माणूस नाही, तो मात्र घरादाराचा व्यवहार कुंठित करून टाकतो.

हा परवाना सनातन आहे असा आपला समज झालेला दिसतो; तो खरा नाही. बोरघाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या कल्याणची आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून आगबोटीने निघाली आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा समाजाचा रोष, द्रव्याची टंचाई आणि प्रकृतीची क्षीणता या सर्वांशी तिला झुंजावे लागले. पण व्हिसाच्या मुलाखतीसाठी वकिलातीच्या दारात उभे राहावे लागले नाही, कारण तशी प्रथाच नव्हती. पासपोर्ट आणि व्हिसा यांचा सार्वत्रिक अंमल पहिल्या महायुद्धाच्या संशयग्रस्त काळात बसला आणि युद्ध संपल्यावरही उठला नाही. आपल्याकडे त्यासंबंधीचा कायदा 1920 साली झाला. जी व्यवस्था माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उभी केली, तिची रीत माणसांना बदलताही येते, एवढ्यासाठीच हा इतिहास येथे सांगितला.

तसा बदल झाल्याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पर्यटनाच्या आणि आप्तभेटीच्या व्हिसासाठी पहिल्यानेच अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीकरिता हजार दिवसांच्या घरात जाणारी प्रतीक्षा दाखवली जात होती. म्हणजे लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईला तारीख मिळेपर्यंत ते नातवंड बालवाडीत जाण्याजोगे व्हावे, अशी स्थिती होती. कोविडच्या साथीत कामकाज बंद राहिल्यामुळे अर्ज साचले होते, हे कारण खरेच होते. परंतु अमेरिकन सरकारने मनावर घेतल्यावर 2023 च्या जानेवारीपासून शनिवारीही मुलाखती होऊ लागल्या, जादा अधिकारी आणले गेले, बँकॉकसारख्या ठिकाणच्या वकिलातीचे दार भारतीय अर्जदारांना मोकळे झाले, आणि त्या वर्षी सप्टेंबर संपण्याच्या आत भारतातील दहा लाख अर्ज निकाली निघाल्याचे त्या दूतावासाने जाहीर केले. त्या सरकारला याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. मात्र त्याबरोबरच हेही सिद्ध झाले की लांबच लांब रांग ही दैवी आपत्ती नव्हती.

पुढे 2025 साली जे घडले त्याचे स्वरूप निराळे होते. त्या वर्षी 27 मे रोजी विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या तारखा देणे तहकूब करण्याचा हुकूम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या आपल्या वकिलातींना दिला, आणि समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवण्याच्या अटीवर 18 जूनला ते काम पुन्हा सुरू झाल्याचे जाहीर केले. तीन आठवडे हा काळ तसा मोठा नव्हे. पण तहकुबी किती दिवसांची, हे कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांचे सत्र ऑगस्टमध्ये सुरू व्हायचे होते त्यांचा विद्यापीठातील प्रवेश, बँकेने मंजूर केलेले शैक्षणिक कर्ज आणि तिकडे भाड्याने घेतलेली खोली ही सारी त्या एका तारखेवर अवलंबून होती. कामशेतच्या एखाद्या घरात मुलगा मध्यरात्री उठून संगणकावर 'स्लॉट' उघडला का ते पाहतो, आई पहाटे तोच प्रश्न विचारते, आणि कर्जाला तारण म्हणून स्वतःचे राहते घर लिहून दिलेला बाप तोंडातून अवाक्षर काढत नाही. ते तीन आठवडे अनेक कुटुंबांनी असेच काढले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात याहून कठोर प्रसंग आला. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेले आपले तरुण पासपोर्टवर नवा शिक्का उमटवून घेण्यासाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'स्टॅम्पिंग'साठी, सुट्टी काढून मायदेशी आले होते. 15 डिसेंबरपासून त्यांचीही समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचा नियम लागू झाला, आणि दिलेल्या तारखा रद्द होऊन अनेकांच्या मुलाखती एकदम मार्चवर वा त्याही पुढे गेल्या. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला माणूस तीन महिने अडकला. तिकडे घराचे हप्ते चालू, मुलांची शाळा चालू आणि नोकरी टिकेल की नाही याचा भरवसा नाही. याचा परिणाम जे आले त्यांच्यापुरता राहिला नाही. जे आलेच नाहीत त्यांच्या घरी तो अधिक खोल गेला. तळेगावात अशी कितीतरी वृद्ध माणसे भेटतात की ज्यांनी मुलाला स्वतःहून कळवून टाकले आहे, 'आम्ही बरे आहोत, तू येण्याची घाई करू नकोस'. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर शेजाऱ्याची सही घेतली जाते, लेकीच्या लग्नात भाऊ मोबाईलच्या पडद्यावर उभा राहतो, आणि वडिलांच्या अंत्यविधीला यावे की नोकरी राखावी या प्रश्नापाशी एखादा मुलगा परमुलखात रात्रभर बसून राहतो. प्रशासकीय टिपणांत या गोष्टींना रकाना नसतो. म्हणून त्या येथे लिहिल्या पाहिजेत.

आता वकिलातींच्या या मौनाचे कारण पाहू. व्हिसाचे अर्ज स्वीकारणे, कागद तपासणे आणि ठसे घेणे हे काम वकिलातींनी खासगी कंपन्यांकडे सोपवण्याची प्रथा या शतकाच्या आरंभी मुंबईतच मूळ धरून जगभर गेली. त्यामुळे अर्जदाराची गाठ ज्याच्याशी पडते त्याच्या हाती निर्णय नसतो, आणि ज्याच्या हाती निर्णय असतो त्याच्यापर्यंत अर्जदाराचा शब्द पोहोचत नाही. खिडकीवरची तरुण मुलगी नम्रपणे सांगते की फाईल वकिलातीकडे गेली आहे. दूरध्वनीवरचा आवाज संगणकावर दिसणारे तेच एक वाक्य पुन्हा वाचून दाखवतो. पत्राला आपोआप उत्तर येते. या माणसांवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांनाही काही ठाऊक नसते. लोणावळ्याहून पहाटेची गाडी पकडून वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत जाणारा अर्जदार मोबाईल बाहेर वडिलांच्या हाती ठेवून आत जातो, काही मिनिटांच्या मुलाखतीनंतर 'अधिक प्रशासकीय कार्यवाही आवश्यक' अशा आशयाचा छापील कागद घेऊन बाहेर येतो, आणि ती कार्यवाही कशाची, किती दिवसांची, याचा उलगडा त्या कागदावरून होत नाही. दाद मागावी तर तेही दार बंद आहे. वकिलातीतील अधिकाऱ्याने व्हिसा नाकारल्यास न्यायालय सामान्यतः त्यात हात घालणार नाही, या जुन्या तत्त्वाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये पुन्हा दुजोरा दिला आहे.

याच्या शेजारी आपल्या वडगावची तहसील कचेरी ठेवून पाहावी. तेथील कारभार निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या मावळकराला तसे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तरीसुद्धा तेथे अर्ज दिला की आवक क्रमांक पडतो, स्थळप्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच मिळते, आणि त्या पोचेच्या मागे कायदा उभा आहे. शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम सांगतो की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवेला मुदत बांधून दिली, नकार दिल्यास कारण लेखी देणे बंधनकारक केले, अपिलाची पायरी ठेवली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांच्या शास्तीची तरतूद केली. कोणी म्हणेल, दाखला आणि व्हिसा यांची तुलना कशी व्हावी? एक नागरिकाचा हक्क, दुसरी परक्या राज्याची मेहरबानी. या आक्षेपाचे उत्तर युरोपने देऊन ठेवले आहे. शेंगेन राष्ट्रांच्या 2009 च्या व्हिसा संहितेत परक्या नागरिकाच्या अर्जावर सर्वसाधारणपणे 15 दिवसांत आणि अधिक चौकशी लागल्यास 45 दिवसांत निर्णय द्यावा असे नमूद आहे. नकाराचे कारण ठराविक नमुन्यात कळवावे लागते आणि त्याविरुद्ध अपिलाचा हक्क राहतो. उन्हाळ्याच्या हंगामात तेथेही अर्ज दाखल करण्याची वेळ मिळता मिळत नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण सार्वभौम सत्ता स्वतःच्या अधिकाऱ्यावर मुदतीचे बंधन घालून घेऊ शकते आणि त्यायोगे तिचे सार्वभौमत्व उणावत नाही, हे त्यावरून दिसते.

असे बंधन सर्वत्र येईल तोवर ज्यांना वाट पाहणे भागच आहे त्यांनी काय करावे? व्हिसा हाती पडेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये, रक्कम परत न मिळणारे तिकीट काढू नये आणि जमिनीचा व्यवहार तर मुळीच करू नये. 'होऊनच जाईल' या भरवशावर पुढची पावले टाकून नंतर पस्तावलेली कुटुंबे मावळात थोडी नाहीत. प्रत्येक कागदाची नक्कल, प्रत्येक पावती, प्रत्येक पत्राची तारीख एका वहीत लिहून ठेवावी आणि विचारणा करताना अर्जाचा क्रमांक, मूळ तारीख आणि नेमका प्रश्न एवढेच चार ओळींत लिहावे, कारण लांबलचक करुण पत्र वाचण्यास तेथे कोणाला सवड नसते. आजारपण, मृत्यू किंवा सत्रारंभ अशा कारणांसाठी तातडीची तारीख मागण्याची सोय अमेरिकन वकिलातीत आहे. आधी साधी तारीख घेऊन मग पुराव्यासह तशी विनंती करावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि पैसे घेऊन 'स्लॉट' मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती आपले खाते व संकेतशब्द कदापि देऊ नयेत. तेथे झालेली एखादी लबाडी अर्जदाराच्या नावावर कायमची नोंदली जाते. सर्वांत महत्त्वाचे हे की अडकलेल्या मुलाला नातेवाइकांनी रोज तोच प्रश्न विचारू नये. त्याला काही कळले तर तो आपण होऊन सांगेल.

या सर्व प्रकरणात आपलीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगाभ्यासासाठी परदेशांतून माणसे येतात. अल्पमुदतीच्या योगवर्गाला इलेक्ट्रॉनिक पर्यटन व्हिसावर येण्याची मुभा भारताने दिली, हे उत्तमच झाले, पण दीर्घ अभ्यासक्रमासाठी येणाऱ्याला आपल्याच वकिलातीकडे रीतसर अर्ज करून थांबावे लागते. 2023 च्या सप्टेंबरात कॅनडाशी बिनसल्यावर भारताने तेथील नागरिकांचे व्हिसा एकाएकी थांबवले, आणि टप्प्याटप्प्याने ते पूर्ववत होण्यास नोव्हेंबर उजाडला. त्या काळात कॅनडाचे नागरिकत्व घेतलेली, पण भारताचे प्रवासी नागरिकत्व-पत्र, म्हणजे ओसीआय कार्ड, न काढलेली आपलीच मराठी माणसे तिकडे खोळंबून राहिली. म्हणून आपल्या गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांनी भारतीय व्हिसाच्या प्रत्येक वर्गाला निर्णयाची मुदत आणि नकाराला लेखी कारण हे नियमाने बांधून घ्यावे, आणि मग अमेरिका, कॅनडा वा अन्य कोणत्याही देशाशी होणाऱ्या वाटाघाटींत तेवढीच वागणूक आपल्या नागरिकांसाठी मागावी. मावळच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत याविषयी प्रश्न विचारावा. कोणत्या वकिलातीत किती भारतीय अर्ज किती दिवस पडून आहेत, याची माहिती मंत्रालयाने मागवून सभागृहापुढे ठेवावी, आणि ती दर अधिवेशनात ठेवावी.