तारवट्याचा संसार

मैत्रिणींनो, एखादीचा नवरा परगावी असला की आपण चटकन म्हणून जातो, ‘तुला काय बाई, मोकळीक आहे! ना डब्याची घाई, ना कुणाच्या आवडीनिवडी.’ ती बिचारी हसते आणि गप्प बसते. नवरा आखातात, नवरा बदलीच्या गावी, नवरा लष्करात, अशा बायका आज गावोगावी आहेत. त्यांची गाऱ्हाणी बहुतेक पैशांची किंवा मुलांच्या शिस्तीची असतात. पण जो दूर राहून कमावतो, त्याच्या बाजूने विचार करायला आपल्याला सवड होत नाही. म्हणून आज एका अशाच कमावत्या माणसाची हकिकत सांगते. तो आपल्या शेजारचाच, गोव्याचा. बोटीवर राबणारा ख्रिस्ती संसारी माणूस. कोकणीत त्याला म्हणतात ‘तारवटी’.

साष्टी आणि बार्देश या तालुक्यांतल्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या एक तरी तारवटी असायचाच. पोर्तुगीज अमदानीत तिथे कारखाने नव्हते, शेतीचा तुकडा घरच्या सगळ्या तोंडांना पुरत नसे. मग मुलगा वयात आला की मुंबई गाठायचा. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी पुष्कळदा आपल्या रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे असत. आणि स्वयंपाकघर, कोठी, जेवणाचे टेबल हे सारे गोव्याच्या ख्रिस्ती माणसांच्या हाती. त्यांना कुठल्याही मांसाचा विटाळ नव्हता, काटे-चमच्यांची रीत ठाऊक होती. साहेबाला यापरतं काय हवं!

पण बोट काही रोज मिळत नाही. दोन नोकऱ्यांच्या मधले आठवडे, कधी महिने, मुंबईत काढायचे कुठे? त्यासाठी गोव्याच्या गावांनी मुंबईत ‘कूड’ उभी केली. कूड म्हणजे खोली. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली जागा. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत अशा शेकड्यांनी कुडी होत्या. काही आजही आहेत. धोबीतलावच्या जेर महाल या जुन्या इमारतीत तर एका छपराखाली अनेक गावांच्या कुडी नांदल्या. भिंतीकडेने ओळीने ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरूण, एका बाजूला गावच्या संताची वेदी. दरमहा भाडं अगदी थोडं.

तुमच्यापैकी ज्यांचे सासरे-आजेसासरे कोकणातून गिरणीत कामाला आले होते, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आपले चाकरमानीही गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. फरक एवढाच, की कुडीत कायदा कडक. दारू आणि जुगार बंद, रात्री ठरल्या वेळी दार बंद, बायकांना मुक्कामाला मज्जाव. आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायचीच. चुकवली तर कुठे कुठे दंडसुद्धा!

तुम्ही म्हणाल, मोठ्या बाप्यांना असलं शाळेसारखं वागवायचं कशाला? मला वाटतं, त्यातच खरं शहाणपण होतं. हातात रोकडा पगार, घरचं माणूस जवळ नाही आणि समोर मुंबईसारखं शहर! अशा वेळी माणूस नुसत्या निग्रहावर टिकत नाही. त्याच्या उशाशी त्याच्या गावची माणसं होती. आज याने पैसे उधळले तर उद्या ती बातमी गावात त्याच्या बायकोच्या कानावर जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि दिवेलागणीला तो कुडीत तेर्स म्हणत असे, तेव्हा तिकडे गोव्यात घरी त्याची बायको, म्हातारी आई आणि मुलं गुडघे टेकून तेच शब्द म्हणत असत. संसाराचे दोन तुकडे झाले होते खरे, पण दोन्हीकडे एक गोष्ट रोज एकाच वेळी घडत होती. हे लक्षात ठेवा हं, पुढे याचा उपयोग आहे.

आता तिची बाजू. तारवट्याची बायको घर चालवायची म्हणजे सगळंच चालवायची. पावसाळ्याआधी मे महिन्यात गोव्यात ‘पुरुमेंता’ची खरेदी असते. आपण वैशाखात पापड-कुरडया वाळवतो ना, तसंच. सुकी मासळी, मिरच्या, कांदे, चिंच, तांदूळ, सारं चार महिन्यांसाठी भरून ठेवायचं. त्यासाठी नवऱ्याच्या पगारातून दरमहा घरी येणारा हिस्सा वेळेवर पोचावा लागे. बोटीवर चढताना ‘अलॉटमेंट’ लिहून देण्याची पद्धत असे: पगारातला इतका भाग परस्पर घरच्या माणसाला द्यावा. चांगला तारवटी हे करताना मागे-पुढे पाहत नसे. १९५४-५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यात निर्बंध आले, रेल्वे थांबली, पैसे पाठवणं अवघड झालं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत या बायकांनी दिवस कसे रेटले असतील, कल्पना करा.

घराला मंगलोरी कौलं चढली, मुली उजवल्या, मुलं इंग्रजी शाळेत गेली. सगळं त्याच्या कमाईवर. पण मैत्रिणींनो, या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती कुठल्याच वहीत मांडलेली नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याला बाप नाही. मुलाच्या पहिल्या कम्युनियनला बाप नाही. नऊ-दहा महिन्यांनी तो दारात उभा राहिला, की धाकटं पोर आईच्या मागे दडायचं. ‘हा कोण?’ ‘अरे, तुझा पाय!’ पाय म्हणजे कोकणीत बाप. आणि समुद्रावर त्याला काही करता येणार नाही, उगाच जीव टांगणीला नको, म्हणून वाईट बातमी त्याला कळवत नसत. कित्येकजण घरी आले ते आईच्या हातचं जेवायला, आणि त्यांना नेलं ते दफनभूमीतल्या क्रूसापाशी.

मग एक दिवस बोट कायमची सुटते. तो साठीला घरी येतो. ज्या घरासाठी जन्मभर राबला, त्या घराची घडी त्याच्याशिवाय बसलेली असते. कप कुठे ठेवतात हे त्याला माहीत नाही. मुलगे सल्ला घ्यायचा तर आईचा घेतात. बोटीवर शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक केलेला हा माणूस, पण चुलीपाशी गेला तर ‘तुम्ही बसा हो बाहेर’ म्हणून त्याला बल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावरच्या बाकावर, पाठवतात. आपल्याच घरात तो पाहुणा होतो. यात दोष कुणाचाही नाही. तिने घर सांभाळलं नसतं तर ते मोडलं असतं. पण सांभाळता सांभाळता त्याच्यासाठी जागा ठेवायची राहून गेली.

म्हणून ज्यांचे नवरे दूर आहेत, मग ते बोटीवर असोत की दुबईत की नागपूरला, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, रोजची एक गोष्ट दोघांची समाईक ठेवा. प्रार्थना असो, रात्रीचा फोन असो, की धाकट्याचा पाढा ऐकणं असो. वेळ ठरलेली हवी. आता बोटीवरूनही व्हिडिओ कॉल होतो. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि शक्य तिथे बोटीवर इंटरनेट देण्याचा नियम डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. मात्र फोनवर नुसता खर्चाचा पाढा वाचू नका. ‘आज आमटी खारट झाली’ हेसुद्धा सांगा. घर म्हणजे तेच तर असतं.

दुसरी, मुलांना ‘बाबा आल्यावर सांगते’ असा धाक घालू नका. वर्षातून एकदा येणारा बाप पोलिसही नको आणि चॉकलेटची पेटीही नको. तो आला की पहिले आठ दिवस दुरुस्त्यांची आणि फीची यादी पुढे करू नका. त्याला एक काम द्या, जे घरात फक्त त्याचं असेल. बाजार असेल, मुलांचा अभ्यास असेल, रविवारचा स्वयंपाक असेल. केलेलं बिघडलं तरी हातातून काढून घेऊ नका.

तिसरी, पैशांची. करारावर काम करणाऱ्याला पुष्कळदा दोन करारांच्या मधल्या काळात पगार नसतो. दर महिन्याला येतो तो सगळा खर्चायचा नसतो, रिकाम्या महिन्यांचा वाटा आधी बाजूला काढा. खातं दोघांच्या नावावर असू द्या. प्रॉव्हिडंट फंडावर आणि विम्यावर नाव कुणाचं लागलंय, हे एकदा डोळ्यांनी पाहा. लग्नाआधी आईचं लागलेलं नाव तसंच राहिलेलं असतं! नोकरीच्या कराराची, पासपोर्टची आणि खलाशाच्या नोंदपुस्तकाची एकेक प्रत घरी ठेवा, शिवाय एजंटाचा पत्ता आणि फोन. बोटीची नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं त्या आंतरराष्ट्रीय कराराला धरून नाही. कुणी लाखाची मागणी केली तर दागिने मोडण्याआधी तो एजंट परवानाधारक आहे का, ते नौवहन महासंचालनालयाकडे तपासून घ्या.

चौथी सगळ्यात अवघड. निर्णय तुम्हीच घ्याल, घ्यावेच लागतील. पण घेण्याआधी त्याला विचारा आणि घेतल्यावर सांगा. वाईट बातमीही सांगा, माणूस सोसतो. ज्या घरातलं दुःख आपल्याला कळलंच नाही, त्या घरात परत येणं मात्र फार जड जातं.

तारवट्याने आपला शब्द पाळला. ट्रंक उशाशी घेऊन जमिनीवर झोपला आणि पैसे घरी पाठवले. त्याच्या बायकोनेही आपला शब्द पाळला. दोघांनाही नावं ठेवायला जागा नाही. पण कुडीतल्या त्या ओळीत त्याच्या ट्रंकेची जागा ठरलेली होती, तो समुद्रावर असला तरी. आपल्या घरातही दूर गेलेल्या माणसाची तशी एक जागा ठेवू या. जेवणाच्या पानापुरती का होईना.