गिनी कोंबड्या ठेवा, पण दार तुम्हीच लावा



बेळगाव-खानापूरकडे निवृत्तीनंतर घर बांधून परसात चार कोंबड्या पाळणारे आपल्यात बरेच झालेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न : "काका, मुंगसाचा फार त्रास आहे. गिनी ठेवल्या तर राखण होईल का?"

माझं मत स्पष्ट आहे. इशारा मिळेल, राखण होणार नाही.

बँकेत ३६ वर्षं काढली. शाखेत धोक्याची घंटा असायची, पण घंटेनं कधी चोर धरला नाही. ती वाजली की कोण काय करणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. पक्ष्यांचंही तसंच.

गिनी मूळ आफ्रिकेतली. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी असे तिचे वाण आपल्याकडे तयार केले. ती किडे-गोचीड वेचते, साप-मांजर दिसलं की सगळा थवा बोंब ठोकतो. पण पोस्टमन आला, नवी बादली ठेवली, तरी तीच बोंब! त्यात तिला झाडावर झोपायची खोड. अंधारात तिला नीट दिसत नाही, मग घुबड नाहीतर रानमांजर अलगद उचलतं. पिल्लं असल्यापासून कोंबड्यांबरोबर वाढवली तर ती खुराड्यात सहज येते.

राजहंसाची झोप जास्त सावध. इ. स. पू. ३९० च्या सुमारास रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर हंसांनी ओरडून लोकांना जागं केलं, अशी जुनी कथा आहे. पण त्या कथेतही शत्रूला खाली ढकलतो तो जागा झालेला मार्कस मॅन्लियस, हंस नव्हेत.

आणि घरचा कोंबडा विसरू नका. घार दिसली की त्याचा आवाज वेगळा, जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं की वेगळा. आठ दिवस कान देऊन ऐका, फरक कळेल.

माझ्याकडे चार गिनी आणि दोन राजहंस आहेत, पण माझी जागा शेतात, शेजार लांब. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे पक्षी ठेवूच नयेत. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं पुण्याला, बंगळूरला. रात्री छातीत दुखायला लागलं तर आधी धावून येणार तो शेजारी, मग तो मराठी असो की कानडी. रोज पहाटे त्याची झोप मोडून दोन कोंबड्या वाचवणं, हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

त्यापेक्षा अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, ती फूटभर जमिनीत पुरा. दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्या, मग कडी घाला. रोकड मोजल्याशिवाय आम्ही तिजोरी बंद करत नसू, तसंच. एवढं झाल्यावर जागा मोकळी असेल तर गिनी जरूर ठेवा.

तुमच्याकडे कोण राखण करतं? कळवा.